केव्ह डायव्हिंगचे प्रशिक्षण आणि सुरक्षितता : जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा असून शिरोली एमआयडीसीतील एका कारखान्यात पंप आणि व्हॉल्व्हच्या तपासणीचे काम करतो. माझी पुतणी अंबाई टँकवर पोहायला शिकली, तारकर्लीला तिने स्कूबाचा ओपन वॉटर (मोकळ्या पाण्यातला, पहिल्या पातळीचा) कोर्स केला आणि पुढे अ‍ॅडव्हान्स्डचे प्रमाणपत्रही मिळवले. आता नोकरीनिमित्त ती अमेरिकेला चालली आहे आणि तिथून सुट्टीत मेक्सिकोला जाऊन तुलुमजवळच्या सेनोतेंमध्ये, म्हणजे तिथल्या पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये, उतरायचे, म्हणजेच केव्ह डायव्हिंग करायचे, तिने मनावर घेतले आहे. भाऊ आणि वहिनी धास्तावले असून तिला समजावण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले आहे. मला तिला अडवायचे नाही. तिने हे क्रमाने आणि योग्य माणसाकडून शिकावे, एवढीच माझी इच्छा आहे. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा, आणि पाण्याखालच्या अशा लांबच लांब गुहा प्रामुख्याने चुनखडीच्या खडकात तयार होतात. त्यामुळे आपल्या भागात विचारावे तरी कोणाला, हा प्रश्न आहे.

समुद्रात काही बिघडले तर सावकाश वर येता येते, गुहेत मात्र डोक्यावर छत असते आणि आल्या वाटेनेच परतावे लागते, इतके मला समजले आहे. 2018 मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 12 मुले आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते, तेव्हा पाणी उपसण्याच्या कामी किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ गेले होते, म्हणून आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनीच ती बातमी रोज वाचली. त्या मोहिमेत समान कुनान हे थायलंडच्या नौदलाच्या सील पथकातले माजी जवान 6 जुलै रोजी मृत्युमुखी पडले. ते हवेचे सिलिंडर आत पोहोचवून परतत होते. इतक्या कसलेल्या माणसावर ही वेळ आली, तेव्हा दम आणि पोहण्यातली ताकद यांवर विसंबून चालणार नाही, हे मी पुतणीला सांगितले आणि तिला ते पटलेही.

अमेरिकेतील केव्ह डायव्हर शेक एक्सली यांनी गुहांमधील अपघातांचा अभ्यास करून 1979 मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत बाहेरच्या मोकळ्या पाण्यापर्यंत परतीची वाट दाखवणारी अखंड दोरी नसणे, परतीसाठी पुरेशी हवा न राखणे आणि झेपणार नाही इतक्या खोल जाणे ही मुख्य कारणे होती. प्रशिक्षणाचा अभाव आणि प्रत्येकाजवळ किमान तीन दिवे नसणे हे मुद्दे त्यांना पुढे जोडले गेले. हवेचा नियम तृतीयांशाचा आहे : एक हिस्सा जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक राखीव. मी त्याचा हिशेब करून पाहिला. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने साधारण 2400 लिटर हवा मावते. 800 लिटर वापरून दोघे आत गेले आणि नेमक्या सर्वांत लांबच्या टोकाला एकाची हवा पूर्ण संपली, तर दुसऱ्याजवळच्या 1600 लिटरमध्ये दोघांना परतायचे आहे. म्हणजे दोघांनी शांतपणे श्वास घेतला तरच ती कशीबशी पुरते. जमिनीवर मिनिटाला 20 लिटर हवा लागणाऱ्या माणसाला 20 मीटर खोलीवर दाब तिप्पट असल्याने 60 लिटर लागते, आणि घाबरल्यावर त्याहूनही जास्त. हे आकडे पाहिल्यापासून मला तृतीयांश ही सुरक्षित मर्यादा न वाटता कमाल मर्यादा वाटू लागली आहे. सुरुवातीच्या पातळीवर जोड सिलिंडर असताना सहावा हिस्साच वापरतात, असे वाचले. प्रत्यक्षात आपण परत फिरण्याचा आकडा, म्हणजे किती हवा उरली की मागे वळायचे ते, कसा ठरवता, विशेषतः जोडीदाराचा सिलिंडर लहान असेल किंवा त्याला हवा जास्त लागत असेल तेव्हा?

दुसरा प्रश्न क्रमाचा. आधी कॅव्हर्न (गुहेच्या तोंडाजवळचा उजेडाचा भाग), मग इंट्रो (आतल्या गुहेची सुरुवातीची पातळी) आणि शेवटी फुल केव्ह (पूर्ण गुहा) असा कोर्सचा क्रम मला समजला आहे. कॅव्हर्नमध्ये बाहेरचा उजेड सतत दिसला पाहिजे आणि पृष्ठभागापासूनचे एकूण अंतर 60 मीटरच्या आत राहिले पाहिजे. सेनोतेंमध्ये मात्र केवळ ओपन वॉटर झालेल्या पर्यटकांनाही वाटाड्याबरोबर कॅव्हर्नमध्ये नेतात. जिथे पुढे न जाण्याचा इशारा देणारी हाडांच्या सापळ्याच्या चित्राची पाटी असते, तिथून वाटाडे खरोखरच मागे फिरतात का? अशी सफर तिने कोर्सच्या आधी करावी, की तिच्यामुळे खोटा आत्मविश्वास येतो?

जाण्यापूर्वी ती मालवणला सराव करणार आहे. तळाचा गाळ उठला की गुहेत स्वतःचा हातही दिसत नाही, म्हणून फिन (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख) वरखाली न मारता बेडकासारखे पाय मारायचे आणि शरीर आडवे, स्थिर ठेवायचे, हे तिला ठाऊक आहे. याखेरीज डोळे झाकून दोरीच्या स्पर्शाने परतण्याचा सराव आधी जमिनीवर, एखाद्या मोकळ्या मैदानात झाडांना दोरी बांधून केला तर उपयोग होतो का? आणखी एक : उंचीवर हवेचा दाब कमी होतो म्हणून डायव्हिंगनंतर विमानप्रवासासाठी 18 तास थांबायला सांगतात, पण संध्याकाळी लगेच गगनबावड्याचा घाट चढून घरी येणाऱ्यांनी किती थांबावे?

शेवटचा प्रश्न इन्स्ट्रक्टरच्या निवडीचा, आणि खरे तर मला सर्वांत जास्त काळजी याचीच आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या नावापेक्षा शिकवणारा माणूस महत्त्वाचा, असे सगळीकडे वाचतो, पण तो पारखायचा कसा? एका वेळी किती विद्यार्थी घेतो, कौशल्य जमले नाही तर कोर्स लांबवतो की तरीही प्रमाणपत्र देतो, दिवे बंद करून दोरी हरवल्याचा सराव किती वेळा करून घेतो, हे प्रश्न मी काढून ठेवले आहेत. ज्यांनी हे प्रशिक्षण स्वतः घेतले आहे, त्यांनी यात काय राहिले ते कृपया सांगावे. तिला पैसे भरण्यापूर्वी ही यादी हातात हवी आहे.