इंदूर–आष्टा असा नियमित प्रवास: कंबरेला सोसवेल अशी मोटारसायकल कोणती?

सुदामानगरचा वाटसरू

सर्वांना नमस्कार. मी इंदूरच्या सुदामानगरात राहतो आणि गेल्या वर्षापासून आष्ट्याच्या अलीकडील एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो. आठवड्यातून तीन दिवस तेथे प्रत्यक्ष हजर राहावे लागते. एका बाजूचे अंतर सुमारे 110 किलोमीटर आहे, म्हणजे त्या दिवशी जाऊन-येऊन 220 होतात. बसने जाऊन पाहिले. परंतु बस महामार्गावर सोडते, तेथून कारखाना सहा किलोमीटर आत आहे आणि संध्याकाळी सुटण्याची वेळ कधीच निश्चित नसते. त्यामुळे माझ्या जुन्या 125 सीसी गाडीवरच ये-जा चालू आहे.

देवास मागे पडेपर्यंत काही जाणवत नाही. सोनकच्छला कालीसिंधच्या पुलावर येईतो मात्र उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागतात, आणि परतीच्या प्रवासात कंबर अशी धरते की घरी पोचल्यावर गाडी स्टँडवर लावून थोडा वेळ तिलाच टेकून उभा राहतो. वय 46, उंची पाच फूट चार इंच. अडीच लाखांपर्यंत खर्च करता येईल, पण लिटरमागे 30 किलोमीटरपेक्षा कमी अ‍ॅव्हरेज परवडणार नाही. चुलतभाऊ 400 सीसीची गाडी घे म्हणतो, तर मेहुण्याच्या मते क्रूझर म्हणजे चाकांवरची आरामखुर्ची. ज्यांनी स्वतः असा प्रवास नेमाने केला आहे त्यांनी कृपया सांगावे.

रामबागकर

मी सात वर्षे इंदूर–भोपाळ मार्गावर मोटारसायकलने जात-येत होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा वेगाचा विचार करा. चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल वेगमर्यादा केंद्र सरकारने 2018 मध्ये ताशी 80 किलोमीटर ठरवली आहे. तेव्हा जी गाडी 80 वर निवांत चालते ती तुमच्या कामाची. 120 वर निवांत चालणारीचे पैसे तुम्ही कशासाठी मोजायचे? तुमच्या 125 सीसी गाडीची अडचण नेमकी येथे आहे. 80 वर तिचे इंजिन जवळजवळ पूर्ण ताकदीने फिरत असते आणि त्याची बारीक थरथर हँडलमधून तासन्‌तास तुमच्या तळहातांत उतरत राहते. मुंग्यांचे मोठे कारण ते असावे.

साडेतीनशे सीसीच्या वर्गातील लांब स्ट्रोकची (म्हणजे ज्यांत पिस्टन लांबवर खाली-वर जातो अशी) इंजिने याच्या उलट स्वभावाची असतात. रॉयल एनफिल्डचे 349 सीसी इंजिन, जे मिटिओर आणि 2021 नंतरच्या क्लासिकमध्ये आहे, आपला 27 न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर) इंजिनाच्या मिनिटाला 4,000 फेऱ्यांवर देते. होंडाच्या हायनेस सीबी 350 मध्ये 30 न्यूटन-मीटर 3,000 फेऱ्यांवरच मिळतो. दोन्हींत थरथर मारण्यासाठी बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचे हेलकावे तोलणारा दांडा, बसवलेला आहे. 400 सीसीच्या वर्गातील बजाजच्या डोमिनार 400 ची ताकद 40 पीएस (अश्वशक्ती) आहे हे खरे, पण ती हाती येते 8,800 फेऱ्यांवर, आणि देवास ते आष्टा या सरळ रस्त्यावर तुम्ही तेथवर जाणारच नाही. चुलतभावांना आणखी एक गोष्ट सांगा: 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर जीएसटी 18 टक्के झाला आहे आणि त्यावरच्या गाड्यांवर 40 टक्के. डोमिनारचे इंजिन 373 सीसीचे, म्हणजे अवघ्या तेवीस-चोवीस सीसींसाठी कराचा टप्पाच बदलतो.

आता बसण्याच्या पद्धतीविषयी. सीट, पायदान आणि हँडल या तीन बिंदूंचा जो त्रिकोण होतो तो तुमच्या शरीराला जुळला पाहिजे, आणि आरामाचा बहुतेक हिशेब येथेच मिटतो. क्रूझरमध्ये पाय पुढे पसरलेले असतात. शोरूममध्ये दहा मिनिटे ती खरोखर आरामखुर्चीच वाटते. परंतु पाय पुढे गेले की शरीराचा सारा भार माकडहाडावर येतो आणि खड्डा आला असता पायांवर जोर देऊन किंचित उठता येत नाही. प्रत्येक दणका थेट मणक्यांत जातो. माझ्याकडे दोन वर्षे एक क्रूझर होती. तिचे नाव घेत नाही, कारण दोष तिचा नव्हता, माझ्या निवडीचा होता. सिहोरपर्यंत मी राजासारखा जात असे आणि भोपाळात शिरताना सीटवर या कुशीवरून त्या कुशीवर होत असे. अर्थात काहींना तीच बैठक मानवते, विशेषतः ज्यांचे गुडघे दुखतात आणि कंबर ठणठणीत आहे त्यांना. तुमचे उलट आहे.

तुमच्या उंचीचाही विचार हवा. हायनेसच्या सीटची उंची 800 मिलिमीटर आणि वजन 181 किलो आहे. मिटिओरची सीट 765 वर आहे, पण वजन 191 किलो. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स 250 बसायला उत्तम, पाठ अगदी ताठ राहते आणि वजनही 167 किलोच आहे. परंतु तिची सीट 835 मिलिमीटरवर आहे, त्यामुळे सिग्नलला तुमची फक्त बोटे टेकतील. रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 हीही उंच, शिवाय 196 किलोची. कारखान्याच्या आवारात, मुरमाच्या उतारावर ती मागे ढकलताना माझी आठवण येईल.

राहिला वारा. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 60 वरून 80 वर गेलात की तो पावणेदोन पटींहून अधिक होतो, आणि तो छातीवर झेलत हँडल धरून ठेवण्यात खांदे व मनगटे थकतात. मध्यम उंचीची विंडशील्ड अवश्य लावा, मात्र तिच्या वरच्या कडेवरून निघणारा झोत हेल्मेटवर आदळून डोके हलवत असेल, तर ती काच तुमच्या उंचीला चुकीची आहे असे समजावे.

डॉ. कुलकर्णी, फिजिओथेरपी

रामबागकरांनी बैठकीविषयी लिहिले आहे ते योग्यच आहे. मी गाड्यांतील जाणकार नाही, पण माझ्याकडे असे रुग्ण नेहमी येतात, म्हणून दोन-तीन गोष्टी लिहिते.

गाडी बदलण्यापूर्वी एकदा तपासणी करून घ्या. कंबरेचे दुखणे कंबरेपुरतेच असेल तर त्यात बहुधा स्नायूंचा थकवा असतो. परंतु कळ मांडीतून खाली पायात उतरत असेल किंवा पावलाला बधिरपणा येत असेल, तर कोणतीही सीट त्यावर उपाय नाही. हातांच्या मुंग्यांचेही तसेच आहे. गाडीवरून उतरल्यावर थोड्या वेळात त्या गेल्या तर ठीक, मात्र रात्री झोपेत येऊ लागल्या तर मनगटातील नस दाबली जात आहे का, हे पाहावे लागते. हँडल घट्ट आवळून धरण्याची सवयही याला कारण असते. पकड सैल ठेवा, कोपर किंचित वाकलेले असू द्या.

लॅपटॉपची बॅग पाठीवर घेत असाल तर ती आजच सोडा. चार-पाच किलोचे ओझे प्रत्येक दणक्यासरशी खांदे मागे खेचते आणि कंबर ते सावरत बसते. बॅग मागे सीटवर बांधा. आणि पन्नास मिनिटांहून अधिक सलग बसू नका. क्षिप्रा, सोनकच्छ अशी थांबण्याची ठिकाणे ठरवून टाकावीत, तेथे चहा नाही घेतला तरी चालेल, पण पाच मिनिटे चालावे आणि हात कंबरेवर ठेवून दोन-चार वेळा मागे वाकावे.

देवासचा भाऊ

माझे मत निराळे आहे. सलग दोन दिवस कामाचे ठेवून एक रात्र आष्ट्यात खोली घेतलीत, तर आठवड्याच्या तीन फेऱ्यांच्या दोनच होतील. महिन्याचे खोलीभाडे पेट्रोलमध्ये बरेचसे निघून येईल आणि काळोखात परतणेही कमी होईल. या रस्त्यावर खरी भीती सोयाबीनच्या हंगामात वाटते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना मागे ना दिवा ना लाल पट्टी, आणि कित्येक तर उलट दिशेने समोर येतात. थंडीत पहाटेचे धुके वेगळेच. गाडी कितीही आरामशीर असली तरी हे बदलत नाही.

सुदामानगरचा वाटसरू

सर्वांचे आभार. खोलीचा मार्ग मी गेल्या पावसाळ्यात अवलंबून पाहिला होता. घरी वडील एकटे असतात, म्हणून सोडून द्यावा लागला. मात्र परत निघण्याची वेळ साडेपाचच्या पुढे जाऊ द्यायची नाही, एवढे साहेबांकडून कबूल करून घेतले आहे.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून तपासणी केली, नस दबलेली नाही. बॅग सीटवर बांधू लागलो आणि पहिल्याच आठवड्यात फरक जाणवला, याचे आश्चर्य वाटले. शोरूममध्ये चाचणी म्हणून दोन किलोमीटरची चक्कर देतात, तिच्यावरून काही कळत नाही. एका स्नेह्यांची हायनेस रविवारी मागून घेतली आणि देवासपर्यंत जाऊन आलो. पाय दोन्ही बाजूंना नीट टेकतात, 80 वर हात शांत राहतात. मिटिओरवरही बसून पाहिले. सीट खाली असल्याने मन तिकडे ओढ घेत होते, पण पाय पुढे गेल्यावर कंबर मागे गोलावते हे आता ओळखू येऊ लागले आहे. हायनेसच घ्यावी असे ठरत आहे. वर्षाला तीस हजारांहून अधिक किलोमीटर होतील, तर देखभालीत विशेष काय सांभाळावे?

रामबागकर

चेन. तिला दर पाचशे किलोमीटरला साफ करून ल्यूब लावायचे असते आणि तुमचे आठवड्यालाच साडेसहाशे होतात; म्हणजे रविवार सकाळचे पोहे आणि चेन, हा नेम करून टाका. टायरमधील हवा आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना पाहा. रस्त्यात तापलेल्या टायरमध्ये ती वाढलेली दिसते आणि आपण उगाच कमी करून बसतो. चाके अ‍ॅलॉयची, टायर ट्यूबलेस, त्यामुळे पंक्चरचा संच आणि छोटा पंप सीटवरच्या बॅगेत राहू द्या. मागचे टायर माझे अठरा हजारांच्या आसपास संपत असे, तेव्हा वर्षाच्या हिशेबात दीड-दोन टायर धरा. हँडल थोडे जवळ घ्यावेसे वाटले तर पहिले हजार किलोमीटर होऊ द्या, शरीर गाडीला सरावल्यावर मगच रायझर (हँडल उंच व जवळ आणणारा तुकडा) बसवा. डिलिव्हरी घेताना क्लच आणि ब्रेकचे लिव्हर तुमच्या मनगटाच्या रेषेत वळवून मागा; त्याला पाच मिनिटे लागतात आणि पैसे पडत नाहीत.