व्याह्यांच्या साठीला वेषभूषा करून जायचंय, खाकी घालू का?

वस्तीची गाडी (चिपळूण)

मंडळी, नमस्कार. वय एकाहत्तर. एसटीत वाहक होतो, २०१२ साली निवृत्त झालो. एक विषय डोक्यातून जात नाही आणि घरात बोलायला कोणी नाही, म्हणून इथे विचारतो.

लेक ठाण्यात दिली आहे. तिचे सासरे मे महिन्यात साठ वर्षांचे होतायत. साठीची शांत, होमहवन असं काही ठेवलेलं नाही. कर्जतजवळ एक फार्महाउस घेतलंय, तिथे संध्याकाळची पार्टी आहे आणि आमंत्रणातच लिहिलंय की लहानथोर प्रत्येकाने कोणाचा तरी वेष करून यायचं. ओळीने सगळ्यांसमोरून चालायचं, आपण कोण ते माइकवर सांगायचं, चांगल्या वेषाला बक्षीस. व्याही माणूस सोन्यासारखा. लग्नात देण्याघेण्यावरून अवाक्षर काढलं नाही, माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ठाण्याहून येऊन दवाखान्यात बसून राहिले. तेव्हा जायचं तर नक्की आहे. पण आमंत्रण आल्यापासून रात्रीची झोप मोडली आहे.

मी शाळेच्या गॅदरिंगलासुद्धा कधी तोंडाला रंग लावलेला नाही. बायको २०१९ ला गेली. ती असती तर नऊवारी नेसून, नथ घालून पुढे झाली असती आणि तिच्याशेजारी मी कसाही खपून गेलो असतो. आता त्या सगळ्या पाहुण्यांपुढून एकट्याने चालायचं.

खरी अडचण निराळीच आहे. लेकीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, तुम्हाला काय भाड्याने आणायला नको. तुमचा खाकी आहे, चामड्याची बॅग आहे, तिकिटांचा पंच आहे. माइकवर नुसतं 'चला, पुढे सरका' म्हणा, सगळ्यांना जाम मजा येईल." मी "बघू" म्हणून फोन ठेवला.

तो खाकी मी उभी हयात अंगावर वागवला. वस्तीच्या गाडीवर ड्यूटी असायची. रात्री शेवटच्या गावात गाडी लावायची, सीटवरच अंग टाकायचं, पहाटे अंधारात पहिली बेल. कॉलेजला तालुक्याला राहणाऱ्या पोरांचे डबे आया आमच्याकडे द्यायच्या. अडलेली बाळंतीण आमच्याच गाडीतून दवाखान्यात जायची. डेपोत वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशेब, आणि पैसे जुळले नाहीत तर वरचे खिशातून भरायचे. आणि २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल गेला तेव्हा जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसट्या पाण्यात गेल्या, चालक-वाहक आणि प्रवासी सगळ्यांसकट. मी निवृत्त होतो, पण त्या पुलावरून मीही पावसातल्या किती रात्री गेलोय. असल्या पावसात, असल्याच खाकीत ती माणसं गेली. तो कपडा सोंग म्हणून घालायला हात धजत नाही. लेकीला हे कसं सांगू? आणि खाकी नाही तर मग काय घालू?

रंगपट (पुणे)

काका, नाटकांना कपडे भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीच्या दुकानात माझी चाळीशी-पन्नाशी गेली, म्हणून कपड्यांपुरतं बोलतो. मे महिना आणि कर्जत म्हटल्यावर मखमलीचे अंगरखे, जरीचे कोट मनातून काढून टाका. दुकानात एसी असतो, तिथे छान वाटतं, बाहेर अर्ध्या तासात जीव नकोसा होतो. दाढीमिशी चिकटवायची नाही. स्पिरिट गम घामाने सुटतो आणि आपल्या वयाच्या पातळ कातडीला पुरळ येतं. लावायचीच झाली तर दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघायचा. विग घट्ट बसला की कपाळ ठणकतं आणि सैल असला की सारखा हात डोक्याकडे जातो.

साठीपुढचं गिऱ्हाईक आलं की मी वेष कोणाचा ते नंतर विचारायचो. आधी म्हणायचो, हे घालून इथे खुर्चीत बसून दाखवा. मग उठा. मग मोरीत एकट्याने जाऊन या. शिवाजी महाराजांचा पूर्ण वेष मागणारी कित्येक माणसं एवढ्यानेच धोतर-सदऱ्यावर यायची. शिवलेलं धोतर मिळतं, नाडीचं, ते घ्या. चपला मात्र स्वतःच्याच. भाड्याच्या मोजड्यांनी पाय सोलवटतात, साखर असेल तर ते फार वाईट.

बाकी, एक फेटा बांधला तरी वेष होतो. फेटा असला की माणूस आपोआप ताठ चालतो, हे मी शेकडो लोकांच्या बाबतीत बघितलंय.

माहेर गुहागर

दादा, तुम्ही आमच्याच मुलखातले. शिमग्यात संकासुर बघितलाच असेल. माझे चुलते दरवर्षी संकासुर व्हायचे. अंगात काळा पायघोळ, डोक्याला ती उंच टोपी, तोंडावर पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. एरवी अगदी अबोल माणूस, चारचौघांत मान वर करून बोलायचे नाहीत. पण त्या दिवसांत बायका तान्ही मुलं त्यांच्यासमोर आणायच्या. पोरं किंचाळत पळायची आणि परत मागे यायची. वेषाच्या आत कोण आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक असायचं आणि त्याचा मान होता.

म्हणून मला वाटतं की सोंगाचं तुम्हाला वावडं नाही. ओळख नसलेल्यांनी हसावं, आणि ते हसणं नेमकं तुमच्या कामावर असावं, हे लागतंय. लेकीला पुलाचं सांगा, दादा. तिला हे माहीत नसणार. आमच्याही वडिलांनी ड्यूटीवरचं घरी कधी काही सांगितलं नाही. ते गेल्यावर त्यांच्या सोबत्यांकडून कळलं, तेव्हा फार रडू आलं, की हे आपण त्यांच्याशी का बोललो नाही.

चालकाची बायको (बार्शी)

भाऊ, मला पटत नाही. माझे मालक एसटीला चालक होते. त्यांचा खाकी मी पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलाय, बिल्ला देवाजवळ असतो. नातवाने शाळेत बिल्ला लावून नेला आणि आजोबा काय करायचे ते वर्गात उभं राहून सांगितलं. हसलं कोण नाही. खाकी घातला की लोक हसतील असं धरूनच चालायचं का?

तुम्ही खाकी घाला, पण 'पुढे सरका' म्हणू नका. १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला पहिली एसटी सुटली. तीस सीटांची बेडफोर्ड. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. दर १ जूनला आमच्याकडे सगळे ही नावं काढायचे. तुम्ही केवटे म्हणून जा. दोन मिनिटं बोला. त्या पार्टीतल्या लोकांच्या आईबापांनीसुद्धा एसटीतूनच प्रवास केला असेल.

सूनबाई (नाशिक)

काका, माझ्या सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला आम्ही असंच ठेवलं होतं. आखताना आमच्या डोळ्यासमोर सगळी तरुण मंडळी होती, हे खरं सांगते. सासऱ्यांचे एक मित्र नुसते बसून राहिले, कोणाशी बोलले नाहीत, लवकर निघून गेले. आम्हाला वाटलं तब्येत बरी नसेल. कोणीतरी आधी एक फोन केला असता तर आम्ही लगेच काहीतरी बदललं असतं. तुमचे व्याही दवाखान्यात येऊन बसणारे आहेत. त्यांना थेट फोन करा, मुलीकरवी नको.

वस्तीची गाडी (चिपळूण)

सगळ्यांचे आभार. काल रात्री लेकीला फोन केला. पुलाचं सांगितलं, वस्तीच्या गाडीचं सांगितलं. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, लहानपणी तुमची गाडी शाळेसमोरून गेली की मी मैत्रिणींना सांगायचे, ते माझे बाबा. तेच मला इथे सांगायचं होतं." मला हे ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मग तू सांग. माइक तुझ्या हातात घे आणि बाबा वाहक होते म्हणून तूच सांग, मला कपडे नकोत.

बार्शीच्या ताई, तुमचं बोलणं मनाला लागलं. मालकांच्या बिल्ल्याला माझा नमस्कार सांगा. केवट्यांबद्दल मी १ जूनला आमच्या जुन्या डेपोत दोन मिनिटं नक्की बोलेन. पण पार्टीत बक्षिसाच्या ओळीत खाकी उभा राहायला माझं मन घेत नाही, तेवढं समजून घ्या.

व्याह्यांनाही फोन केला. गुहागरच्या ताईंनी शिमग्याचं लिहिलं आणि मला आठवलं, गावच्या नमनाच्या खेळात मी मृदंग वाजवायचो. मृदंग अजून माळ्यावर आहे, त्याच्या तोंडावरची शाई, म्हणजे काळा लेप, गेली आहे, ती भरून घेतो. त्यांना विचारलं, नमनातला मृदंगवाला म्हणून आलो तर चालेल का, आणि चालण्याऐवजी एका बाजूला बसून सगळ्यांच्या चालण्याला वाजवलं तर? ते इतके खूश झाले की विहीणबाईंना हाक मारून फोन त्यांच्या हातात दिला. बसूनच वाजवायचं, म्हणजे माझ्या दुखऱ्या गुडघ्यांचाही प्रश्न मिटला.

रंगपट, आता तुम्हाला विचारतो. पांढरा झगा गावातून मिळतोय, शिवलेलं धोतर घेतो. फेटा कोणत्या कापडाचा घेऊ? आणि चिपळुणात सकाळी बांधून घेतला तर पनवेलपर्यंत एसटीत टिकेल का?

रंगपट (पुणे)

बांधलेला नेऊ नका, सीटला टेकलात की मागून बसेल. साधं सुती मलमल घ्या, रेशमी सरकतं आणि तापतं. कापड घडी करून बॅगेत ठेवा आणि तिथे पोचल्यावर चहा झाला की बांधून घ्या. नाहीतर चिपळुणातच तुमच्या डोक्याच्या मापाचा शिवून पक्का केलेला घ्या आणि टोपलीत उपडा ठेवून मांडीवर न्या. मृदंगाला मात्र शाई भरल्यावर ऊन दाखवा, दुकानदार घाई करेल, पण पूर्ण सुकल्याशिवाय थाप मारू नका.