अर्ज माझा, ओटीपी भाच्याच्या हातात

डिचोलीकर_41
मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला बरं. न दिसणाऱ्या माणसाला सरकारी संकेतस्थळ एकट्याने वापरता येत नसेल, तर ते काम अपुरं आहे असं समजून ठेकेदाराचं शेवटचं बिल अडवावं.

मला जन्मापासून दिसत नाही. संगणकावर एनव्हीडीए नावाचा फुकटचा स्क्रीन रीडर आहे, तो पडद्यावरचं बोलून दाखवतो. माऊसला माझा हात लागत नाही, कीबोर्डवरची टॅबची कळ दाबत पुढे सरकतो. बँकेचे व्यवहार, रेल्वेचं तिकीट, बायकोच्या वाढदिवसाची साडी, सगळं असंच.

मागच्या महिन्यात एका सरकारी पोर्टलवर दाखल्यासाठी बसलो. टॅब दाबला, "एडिट, ब्लँक". परत दाबला, "एडिट, ब्लँक". असं सात वेळा. नाव कुठे, बापाचं नाव कुठे, आधार कुठे, काही पत्ता नाही. रकान्याचं नाव शेजारी छापलेलं आहे म्हणे, पण ते रकान्याला जोडलेलंच नाही. वर सूचना, की लाल खुणेचे रकाने भरणं सक्तीचं. आता मी लाल कसा ओळखू? शेवटी कॅप्चा आला, म्हणजे चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून भरायची ती परीक्षा, तर रीडर नुसता म्हणतो "ग्राफिक". ऐकून भरायची सोय नाही.

भाच्याला फोन केला. तो कामावरून सुटून सात वाजता आला, तोवर लॉगिन संपलेलं. पुन्हा पहिल्यापासून. माझं उत्पन्न, खाते क्रमांक, ओटीपी, सगळं त्याच्या तोंडून घरभर ऐकू गेलं. पोरगा गुणी आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाही.

निवृत्त_हेडक्लार्क
तुमचा त्रास खरा, पण औषध चुकलंय. 31 वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलोय. 2011 च्या जनगणनेत गोव्यात दिव्यांग 33,012. त्यात अंध किती, त्यात संगणक येणारे किती? त्यांच्यासाठी सगळी पोर्टलं उकरून काढण्यापेक्षा 12 तालुक्यांत एकेक माणूस नेमा, तो टॅबलेट घेऊन घरी येईल, अर्ज भरेल, अंगठा घेईल, चहा पिऊन जाईल.

आणि दुसरं. सगळं ऑनलाइन झालं की पहिला बळी काउंटरचा जातो. "वेबसाइटवर बघा" हे वाक्य मीही लोकांना ऐकवलंय, आणि समोरच्या म्हाताऱ्याचा पडलेला चेहरा पाहिलाय. संकेतस्थळ सुधारा म्हणताना तुम्ही त्या खिडकीला कुलूप लावायला मदत करताय.

मांडवीकाठची
काका, तुमचा टॅबवाला कधी येणार? माझी व्हीलचेअर आहे. घरी येतो म्हणणाऱ्या माणसांची वाट बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. "उद्या नक्की" म्हणजे चतुर्थीनंतर.

पण डिचोलीकरांशीही माझं पटत नाही. ज्या कचेरीत मला जावं लागतं तिथे रॅम्प आहे, त्याच्या तोंडाशी दोन स्कूटर. लिफ्ट नाही, साहेब वरच्या मजल्यावर. पैसा एकाच थैलीतून येणार असेल तर आधी ते करा.

डिचोलीकर_41
बाय, थैली एकच हे कुणी ठरवलं? रॅम्पला सिमेंट लागतं. रकान्याला लेबल जोडायला काय लागतं ते कोडरांनी सांगावं.

काका, माणसं मोजून हक्क वाटायचे असतील तर कठीण आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा संख्या विचारत नाही. त्यातल्या कलम 42 मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातली माहिती सुगम्य, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येईल अशी, ठेवायला सांगितलंय. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात याच कायद्याच्या 2017 च्या नियमावलीतला नियम 15(1) रद्द केला. का? सुगम्यतेची मानकं त्यात निव्वळ शिफारशींसारखी होती. सक्तीचे नियम करा, तीन महिन्यांत, असं केंद्राला सांगितलं. पुढे 30 एप्रिल 2025 ला न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण ई-केवायसीचं, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याचं होतं. कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवा म्हणतात ना, ते. ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्याच उरल्या नाहीत त्यांनी काय मिटायचं?

पर्वरीचा_कोडर
विचारलंत म्हणून सांगतो. लेबल जोडायला एका रकान्याला एक ओळ. चहा गार व्हायच्या आत अख्खा फॉर्म होतो. सुरुवातीलाच केलं तर खर्च जवळजवळ नाही. पाच वर्षांनी जुन्या पोर्टलमध्ये घुसवायचं म्हटलं तर मात्र रडू येतं.

पण बिल अडवून काही होणार नाही, पात्रांव. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं 2009 पासून आहेत, 2023 ला तिसरी आवृत्ती आली. त्यानुसार तपासणी होऊन प्रमाणपत्रही मिळतं. आम्ही साइट देतो त्या दिवशी ती बऱ्यापैकी असते. दुसऱ्या दिवसापासून कचेरीत कुणीतरी कागद स्कॅन करून, तोही तिरका, पीडीएफ म्हणून चढवतो. तो ठेकेदाराच्या माथी का?

डिचोलीकर_41
हे मात्र शंभर टक्के खरं. स्कॅन उघडला की रीडर म्हणतो दस्तऐवज रिकामा आहे. मुदत कधीची, ते शेजाऱ्याला विचारा.

त्याहून भारी गंमत जुन्या फाँटची. पडद्यावर सुंदर मराठी दिसते म्हणे, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. मला ऐकू येतं: "ई ॲक्यूट, रजिस्टर्ड, यू, पौंड". एका परिपत्रकाची चार पानं असली ऐकलीत की देव आठवतो. युनिकोडमध्ये, म्हणजे आतही देवनागरीच साठेल असं टाइप करा, एवढंच मागणं.

आणि ते वरच्या कोपऱ्यातलं अक्षर मोठं-छोटं करायचं बटण लावून "आमची साइट दिव्यांगस्नेही" म्हणणारे! अमेरिकेत साइटवर लावला की ती आपोआप सुगम्य होते म्हणत असाच एक जादूचा पट्टा विकणाऱ्या कंपनीला खोट्या दाव्यांपायी 2025 मध्ये 10 लाख डॉलर भरावे लागले.

मराठी_मायबाप
सगळं ठीक, पण मुळात मराठी पर्याय असतो कुठे? 1987 च्या राजभाषा कायद्यात कोंकणीबरोबर मराठीचाही वापर मान्य आहे. आधी त्याचं बोला.

मांडवीकाठची
झालं! अजून कसं आलं नाही हेच बघत होते.

पर्वरीचा_कोडर
थांबा, यात एक कामाचा मुद्दा आहे. पान कुठल्या भाषेत आहे ते कोडमध्ये सांगावं लागतं. मजकूर मराठी आणि पानावर शिक्का इंग्रजीचा असला तर रीडर इंग्रजी आवाजात वाचायला जातो आणि देवनागरीचा खिमा करतो. कोंकणीचंही तेच. तेव्हा दोन्ही बाजूंनी भांडा, पण तो शिक्का बरोबर मारा.

फोंड्याची_माई
माझ्या धाकट्या भावाला ऐकू येत नाही. त्याचा अर्ज अडकला, पानावर लिहिलंय: अडचण आल्यास या नंबरवर फोन करा. ईमेल नाही, मेसेजची सोय नाही. त्याने फोन करून काय करायचं ते तुम्हीच सांगा.

निवृत्त_हेडक्लार्क
माई, याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण डिचोलीकर, काउंटरचं बोलणं तुम्ही टाळलंत. माझ्या शेजारणीला मधुमेहाने दोन वर्षांपूर्वी दिसेनासं झालं, वय 68. तिला तुमचा एनव्हीडीए कोण शिकवणार? तिला माणूसच लागतो.

डिचोलीकर_41
टाळलं नाही, राहून गेलं. खिडकी बंद करा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. त्यांच्यासाठी माणूस ठेवा, जरूर ठेवा. पण तो माणूस माझ्यावर लादू नका. शिवाय तुमच्या टॅबवाल्याला अर्ज भरायचा आहे तो याच पोर्टलवर ना? लॉगिन त्याचंही संपणारच.

निवृत्त_हेडक्लार्क
संपतं. आमचंही संपायचं. भरलेला फॉर्म उडाला की पहिली शिवी ऑपरेटरला, दुसरी अर्जदाराला. खिडकीबद्दलचं मत मी बदलत नाही. तुमचं बिलाचं मात्र पटतंय, फक्त अडवायचं असेल तर वर्षभर देखभालीचं अडवा, म्हणजे तिरके स्कॅनसुद्धा त्यातच येतील.

पर्वरीचा_कोडर
काका, आमच्या पोटावर कशाला पाय?

डिचोलीकर, ते सात "एडिट"वालं पान कुठलं ते खाजगीत कळवा. ते काम आमचं नसावं अशी सातेरीला प्रार्थना.

डिचोलीकर_41
कळवतो. रविवारी दुपारी फोनच करा, स्पीकर संगणकाजवळ धरून ऐकवतो.