ट्रॉम्सो ते लाँगयिअरब्येन: अंतर किती, विमानाला वेळ किती?

सातारकर:
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये मी आणि सौ. नॉर्वेला जातोय. ट्रॉम्सोहून पुढे स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयिअरब्येनला जायचं आहे. मोबाइलवरच्या नकाशात हे अंतर मुंबई-दिल्लीच्या जवळपास तिप्पट दिसतं आणि तिकिटावर जेमतेम पावणेदोन तास लिहिलेत. खरं काय धरायचं? परतताना त्याच दिवशी ट्रॉम्सोहून पुढचं विमान घेतलं तर चालेल का? जाणकारांनी सांगावं.

उत्तरवासी:
काका, तिकिटावरचं खरं. मी ट्रॉम्सोत राहते, कामासाठी तिकडे जाणंयेणं असतं. ट्रॉम्सोचा विमानतळ ६९.७ अंश उत्तरेला, लाँगयिअरब्येनचा ७८.२ अंशांवर. रेखांशात फारसा फरक नाही, म्हणजे विमान जवळजवळ सरळ उत्तरेलाच जातं. एका अंशाला १११ किमी धरा, साडेआठ अंशांचे झाले साधारण ९५० किमी. मुंबई-दिल्लीपेक्षा कमीच!

घोळ नकाशाचा आहे. मोबाइलवरचे नकाशे बहुधा मर्केटर पद्धतीचे असतात. त्यात ध्रुवाकडे जावं तसं सगळं ताणलं जातं. ६० अंशांवर दुप्पट, ७८ अंशांवर जवळजवळ पाचपट. तिथे बोटाने अंतर मोजूच नये.

हवेत तास-दीड तासच जातो. थंडीत पंखांवरचा बर्फ काढायला फवारणी करतात, त्यात वेळ मोडतो.

पण त्याच दिवशीचं पुढचं विमान अजिबात घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. लाँगयिअरब्येनला एकच धावपट्टी, डोंगर आणि खाडीच्या मधे. मोठं विमान उतरवायला जवळपास दुसरी जागा नाही. एका हिवाळ्यात आमचं विमान तिथवर पोचलं, धुक्यात घिरट्या घातल्या आणि परत ट्रॉम्सोलाच आलं. सोबतच्या एका आजोबांचं पुढचं सगळं आरक्षण वाया गेलं, फार वाईट वाटलं.

वास्कोकर:
व्हिसाचंही बघा. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकाच व्हिसाच्या प्रदेशात, नाही. तिथून परत येणं म्हणजे शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर अडकाल.
आणि एक आनंदाची गोष्ट. लाँगयिअरब्येनहून छोट्या विमानाने अर्ध्या तासावर न्यू-ओलेसुंड आहे. आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र २००८ पासून तिथेच आहे, आणि त्याचा कारभार आमच्या वास्कोतल्या ध्रुवीय संशोधन संस्थेतून चालतो. मला याचा फार अभिमान आहे.

सातारकर:
दोघांचेही मनापासून आभार. व्हिसाचा अर्ज अजून भरायचाय, बरं झालं विचारलं. 'हिमाद्री' बघायला मिळेल का?

वास्कोकर:
ते छोटं विमान मुख्यतः संशोधकांसाठी आणि तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी असतं. पर्यटक उन्हाळ्यात बोटीने जातात, मार्चमध्ये कठीण आहे.

उत्तरवासी:
काका, परतीची एक रात्र ट्रॉम्सोत ठेवा. विमानतळ गावापासून पाचेक किलोमीटरवर, बस मिळते. आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीतच ठेवा, ट्रॉम्सोला जातायेता दोन्ही वेळा तपासतात.