सांधे हवेने धरतात की गोळीने?

"पन्नाशीनंतर बायकांचे सांधे धरतात ते किनाऱ्यावरच्या दमट हवेमुळे" असं वर दोघांनी लिहिलंय. मग त्याच हवेत राहणाऱ्या नवऱ्यांचे त्या मानाने कमी का धरतात? पाळी जाताना इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घसरतं आणि बऱ्याच जणींची सांधेदुखी नेमकी तेव्हाच सुरू होते. मायग्रेनही लहानपणी मुलगे-मुलींत साधारण सारखंच असतं, वयात आल्यावर बायकांमध्ये दुप्पट-तिप्पट. यात हवा कुठे आली?

औषधानेही सांधे धरतात, हे मात्र इथे कुणी लिहिलं नाही. मालवणच्या माझ्या मावशीला स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर लेट्रोझोल सुरू झालं. पाळी गेल्यावरही शरीर, मुख्यतः चरबीत, थोडं इस्ट्रोजेन बनवत असतं. ही गोळी तेही जवळपास थांबवते. दोनेक महिन्यांत सकाळी तिची बोटं वळेनात. आडाळ्यावर (खवणीच्या विळीवर) बसली तरी नारळाची कवड हातात धरवेना. "वय झाला आता," म्हणत निर्गुंडीचा शेक घेत राहिली (घरात सगळ्यांनी खाऱ्या वाऱ्यालाच शिव्या घातल्या, मीसुद्धा). शेवटी तिने गोळी गुपचूप सोडली. कर्करोग परतू नये म्हणून जी किमान 5 वर्षं घ्यायची, तीच! डॉक्टरांना कळल्यावर ते रागावले, पण त्यांनी एक्झेमेस्टेन ही त्याच गटातली दुसरी गोळी दिली. असा बदल काहींना मानवतो, काहींना नाही. तिचं दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण सोलकढीपुरता नारळ आता स्वतः खवते.