जीवनमानाचा स्कोअर: सॅम्पल किती धरायचं?

प्रश्न: कोल्हापुरात कॅन्सर रुग्णांची दोन गटांची ट्रायल आखतोय. क्यूएलक्यू-सी३० (कॅन्सर रुग्णांच्या जीवनमानाची प्रश्नावली), एकूण जीवनमान ०-१००. फरक १० गुण, एसडी (प्रमाण विचलन) २५, पॉवर (खरा फरक सापडण्याची शक्यता) ८०%, अल्फा (फरक नसताना दिसण्याची शक्यता) ५% दुहेरी. गटाला किती?

उत्तर १: २×(१.९६+०.८४)²×(२५/१०)² म्हणजे ९८, टी-टेस्टसाठी १०० धरा. गळती (मधेच सुटणारे रुग्ण) २०% असेल तर १.२ने गुणू नका, ०.८ने भागा: १२५. गुणलं की १२० येतात, ऐनवेळी ९६च उरतात. एसडी स्कोअरचा की बदलाचा, तेही बघा. इथंच निम्मे घसरतात.

उत्तर २: सर, सुरुवातीचा स्कोअर अँकोव्हात (तो हिशेबात धरून गटांची तुलना करणारी पद्धत) घ्या. सुरुवातीच्या आणि नंतरच्या स्कोअरचा सहसंबंध ०.५ असेल तर १००चे ७५, गळतीसह ९४. पण जास्त आजारी असलेलेच फॉर्म भरत नाहीत. त्यामुळे निकाल एका बाजूला झुकतो, तो कल सॅम्पल वाढवून जात नाही. गळीत हंगामात कागल-गडहिंग्लजकडच्यांना फोनवर विचारायची सोय प्रोटोकॉलमध्येच लिहा, दोन्ही गटांना सारखीच.