एआय कोड लिहितंय, मग टीम लीडने बांध कुठे घालायचा?

अर्धविराम (मूळ धागा)

एआय एजंट (सांगितलेलं काम स्वतः कोड लिहून पूर्ण करणारी टूल) आल्यापासून कोड लिहून होणं ही अडचण राहिलेली नाही, तो वाचून होणं ही आहे. म्हणून टीम लीडचं पहिलं काम म्हणजे रिव्ह्यूकडे (दुसऱ्याने वाचून तपासण्याकडे) येणाऱ्या कोडचा लोंढा अडवणं, असं माझं ठाम मत आहे.

सहा जणांची टीम धरा. प्रत्येकाने दिवसाला तीन पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) उघडल्या आणि एकेक ३०० ओळींची असली तर ५,४०० ओळी झाल्या. समजून वाचायचं तर तासाला ३०० ओळी पुरे. म्हणजे १८ तासांचं वाचन, माणशी ३ तास, रोज. रिव्ह्यू करताना तास-दीड तासानंतर लक्ष ढळतं. उरलेल्या निम्म्या ओळी कोणी न वाचताच मुख्य कोडमध्ये मर्ज होतात.

माझा प्रस्ताव: एका माणसाच्या एका वेळी दोनच पीआर उघड्या असाव्यात. ४०० ओळींवरची पीआर परत पाठवावी (लॉकफाइल आणि यंत्राने तयार केलेल्या इतर फायली मोजू नयेत). वर्णन एजंटकडून लिहून न घेता, काय बदललं, कुठे मोडू शकतं आणि मागे कसं घ्यायचं हे पीआर उघडणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावं. गूगलच्या डोरा या संशोधन गटाच्या २०२४ च्या अहवालात एआयचा वापर २५ टक्क्यांनी वाढला की डिलिव्हरीची स्थिरता (सोडलेले बदल न बिघडता चालणं) ७.२ टक्क्यांनी घटते, असा अंदाज होता. मोठे बदल एकदम आत येणं हे त्याचं संभाव्य कारण त्यांनीच दिलं होतं.

सुतारपक्षी

असहमत. ४०० ओळींची मर्यादा एजंट सहज पाळतो. १,६०० ओळींच्या बदलाचे चार तुकडे करून देतो, प्रत्येक तुकडा निर्दोष दिसतो आणि चूक राहते सांध्यात.

रिट्रायचं, म्हणजे फसलेला कॉल पुन्हा करण्याचं, उदाहरण घ्या. एका पीआरमध्ये एचटीटीपी क्लायंटला तीन प्रयत्न, दुसऱ्यात सर्व्हिसच्या थराला तीन, तिसऱ्यात क्यूच्या वर्करला तीन. प्रत्येक बदल त्या फाइलपुरता बरोबर आहे. पलीकडची सिस्टिम मंदावली की एका विनंतीचे २७ कॉल होतात आणि ती पुरती झोपते. त्यात इडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आली हे ओळखणारी खूण) नसेल तर एकच व्यवहार दोनदा नोंदला जातो. ओळी मोजून हे सापडत नाही. कोड लिहायच्या आधी पानभर डिझाइन वाचलं तर सापडतं: रिट्राय कोणत्या एकाच थरात, एकूण टाइमआउट किती, अपयश आलं तर कोणाला कळणार.

माणसाचं लक्ष तिथे खर्च करा. पैसे, परवानग्या आणि डेटा मायग्रेशनला (डेटाबेसची रचना किंवा डेटा बदलण्याला) हात लावणाऱ्या बदलांना दोन माणसांची मंजुरी. बाकीचं यंत्रावर सोडा: टाइप तपासणी, काँट्रॅक्ट टेस्ट (दोन सिस्टिममधला ठरलेला व्यवहार तपासणारी), मग १ टक्का वापरकर्त्यांवर कॅनरी (नवा कोड आधी थोड्यांनाच देणं), ठीक असेल तर १० टक्के, चुकांचं प्रमाण वाढलं की आपोआप रोलबॅक, म्हणजे जुन्या आवृत्तीकडे परत.

अर्धविराम

यंत्राची तपासणी टेस्टइतकीच भरवशाची, आणि टेस्ट लिहिल्या कोणी? त्याच एजंटने. समज चुकली तर ती कोडमध्येही उतरते आणि टेस्टमध्येही.

नियम असा की १० एमबीपर्यंतची फाइल चालेल. कोडमध्ये 'पेक्षा कमी किंवा समान' हवं तिथे नुसतं 'पेक्षा कमी' आलं. टेस्ट आहेत ५ आणि १५ एमबीच्या. सगळं हिरवं, कव्हरेज (टेस्टमध्ये चाललेला कोड) १०० टक्के. बरोबर १० एमबीची फाइल नाकारली जाते, पण तो रीतसर दिलेला नकार असल्याने कॅनरीच्या चुकांच्या आलेखात उमटतच नाही.

आणि मायग्रेशनला कॅनरीचा उपयोग काय? डेटाबेस सगळ्यांचा एकच. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साधं 'क्रिएट इंडेक्स' (शोध जलद करणारी सूची बनवायची आज्ञा) चालवलं की इंडेक्स बनेपर्यंत त्या टेबलवरचं लिहिणं थांबतं. 'कॉन्करंटली' जोडावं लागतं, आणि ते ट्रान्झॅक्शनच्या (सगळं होईल किंवा काहीच नाही अशा गटाच्या) आत चालत नाही. कित्येक मायग्रेशन टूल मात्र प्रत्येक पायरी ट्रान्झॅक्शनमध्येच गुंडाळतात. छोट्या टेस्ट डेटाबेसवर यातलं काहीच जाणवत नाही.

सुतारपक्षी

मायग्रेशन मी दोन माणसांच्या यादीत आधीच घातलं आहे. टेस्टचा मुद्दा मात्र मान्य, फक्त त्यावर उपाय आहे. म्युटेशन टेस्टिंगमध्ये टूल मुद्दाम 'पेक्षा कमी'चं 'पेक्षा कमी किंवा समान' करून बघतं. तरीही टेस्ट हिरव्या राहिल्या तर सीमेवर पहारा नाही हे उघड होतं. पूर्ण कोडबेसवर चालवलं तर तासन्‌तास लागतात, म्हणून बदललेल्या ओळींपुरतंच चालवा.

सीमेवरचं बरोबर उत्तर कोणतं, हे मात्र माणसानेच सांगायचं. पाच-सहा उदाहरणं आधी स्वतः लिहा, वेगळ्या कमिटमध्ये (बदलांच्या नोंदीत) टाका आणि त्या फोल्डरमध्ये एजंटला लिहायची परवानगीच देऊ नका. कारण टेस्ट पास होईना की एजंट पळवाटा शोधतो: 'स्किप' लावून टेस्ट वगळतो, असर्शन (अपेक्षित उत्तराची अट) सैल करतो, एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) गिळून टाकतो. टेस्टची संख्या घटली किंवा नवा 'स्किप' आला की बिल्ड अडली पाहिजे. ही तपासणी दहा-वीस ओळींच्या स्क्रिप्टने होते, तरी बऱ्याच ठिकाणी ती नसते.

कंदील

दोघेही कोडबद्दल बोलताय. तो वाचू शकणारी माणसं कुठून येणार? डिझाइनमधली खोट ओळखायची नजर बग शोधून शोधूनच तयार होते आणि नेमकं तेच काम आता ज्युनिअरकडून एजंटकडे जातंय. लीडने आठवड्याला एक बग ज्युनिअरला एजंटशिवाय सोडवायला द्यावा. छोटा, पण लॉग वाचून, ब्रेकपॉइंट (कोड मध्येच थांबवणारी खूण) लावून शोधावा लागेल असा.

वेग वाढल्याच्या भावनेवरही विसंबू नका. मेट्र या संस्थेच्या २०२५ च्या प्रयोगात १६ अनुभवी डेव्हलपरांनी २४६ कामं केली. एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि आपण २० टक्के अधिक वेगाने काम केलं असं त्यांना वाटत होतं.

वाटसरू

त्या प्रयोगातले लोक वर्षानुवर्षं सांभाळलेल्या, स्वतःला पाठ असलेल्या मोठ्या कोडबेसमध्ये काम करत होते, आणि टूल २०२५ च्या सुरुवातीची होती. याआधी कोपायलट या एआय टूलच्या प्रयोगात जावास्क्रिप्टमध्ये कोरा एचटीटीपी सर्व्हर लिहायला दिला, तेव्हा एआय वापरणाऱ्यांचं काम ५५.८ टक्के कमी वेळात झालं. दोन्ही आकडे खरे, कामं वेगळी. आपल्या टीमचं काम यातल्या कशासारखं आहे हे न बघता धोरण ठरवू नये.

एजंटशिवाय बग सोडवण्याची सक्तीही पटत नाही. ज्युनिअरला एजंट वापरू द्या, पण विचारायच्या आधी 'माझ्या मते कारण हे, आणि खात्री अशी करणार' असं तिकिटात दोन ओळी लिहू द्या. अंदाज चुकला की शिकणं तिथेच होतं.

कंदील

दोन ओळी लिहून लगेच उत्तर समोर आलं तर अंदाज तपासायचे कष्ट कोण घेईल? सक्ती त्या कष्टांसाठी आहे. माझा मुद्दा मी सोडत नाही.

अर्धविराम

४०० ओळींचा नियम मी सैल करतो. नाव बदलण्यासारख्या यांत्रिक बदलांना तो नको, आणि सांध्यांसाठी आधी डिझाइन वाचणं मान्य. दोन उघड्या पीआरची मर्यादा मात्र ठेवणार.

सुतारपक्षी, तुमच्या दोन माणसांच्या नियमात एक भोक आहे. आपलीच पीआर आपण मंजूर करू शकत नाही, पण एजंटने बॉटच्या खात्यातून उघडलेली बऱ्याच ठिकाणी करू शकतो. म्हणजे ज्याने काम सांगितलं त्याचीच मंजुरी धरली जाते आणि दोनातला एक माणूस गळतो.

सुतारपक्षी

बरोबर पकडलंत. काम सांगणाऱ्याला लेखकच धरावं लागेल. कमिटमध्ये 'को-ऑथर्ड-बाय' (सहलेखक) म्हणून त्याचं नाव सक्तीचं करायचं आणि मर्जच्या आधी स्क्रिप्टने बघायचं की मंजुरी देणाऱ्यांत तेच नाव नाही ना. दोन पीआरची मर्यादा मला अजूनही पटलेली नाही. धोका नसलेली पीआर रांगेत उभी करून काय मिळतं?